दर्यापूर ते वरुड, सायकलने सात दिवस: सातपुडा, पानमळे, संत्राबागा आणि दोन समुद्रांचं पाणी

खारपाणपट्टा | 2 जानेवारी, रात्री 9:10

नमस्कार मंडळी.

हरभऱ्याची डवरणी झाली होती, कापसाचा दुसरा वेचा घरात आला होता आणि पुतण्याचं कॉलेज आठवडाभर बंद होतं. शेतकऱ्याला अशी सवड वर्षातून एकदाच मिळते. 20 डिसेंबरला पहाटे आम्ही दोघं सायकली घेऊन निघालो आणि 26 ला वरुडला पोचलो. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्याची गिअरची सायकल, माझी वडिलांच्या वेळची काळी, रॉडब्रेकची. जसं घडलं तसं लिहितो. पुढच्या हिवाळ्यात कुणाला जायचं असेल तर कामी येईल, आणि माझं जिथं चुकलं ते तुम्ही सांगालच.

पहिला दिवस दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून अंजनगाव सुर्जी आणि तिथून परतवाडा. निघायची तारीख ठरवून घेतली होती. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला आणि त्यांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या वाटेपासून लांब नाही. वाट थोडी वाकडी करून तिथं माथा टेकला आणि मग पायडल मारले.

आमच्या पट्ट्यात विहीर असते, तिला पाणीही असतं, पण ते घोटभर पिऊन पाहा म्हणजे खारपाण काय ते कळेल. म्हणून घरूनच नळाच्या पाण्याच्या चार बाटल्या कॅरिअरला बांधल्या होत्या. उत्तरेला सरकत गेलं की चव बदलते. अंजनगावच्या पुढे एका हापशीवर पुतण्याने ओंजळ लावली आणि म्हणाला, "काका, गोड आहे." वीस वर्षांचा पोरगा, जन्मापासून खाऱ्या गावात वाढलेला. हापशीचं पाणी गोड लागलं म्हणून त्याचा चेहरा जो खुलला, तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अंजनगावचे पानमळे मी आयुष्यभर रस्त्यावरूनच पाहिले होते. या वेळी एका मळेवाल्या दादांनी आत नेलं, आधी चपला बाहेर काढायला लावल्या. आत पाय ठेवला की उन्हाळा-हिवाळा विसरतो माणूस, इतकं गार आणि ओलसर. शेवरी-पांगऱ्याच्या खांबांना धरून वेल वर गेलेले, पानांतून उजेड हिरवा होऊन खाली येतो. बाजूच्या वाफ्यात पानपिंपरी, म्हणजे औषधी पिंपळीची वेल, होती. वेलाची गाठ नि गाठ हाताने बांधावी लागते, असं दादा सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचे हात बांधतच होते.

दुसऱ्या दिवशी चिखलदरा. परतवाडा पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा 1118 मीटर, अंतर तीसेक किलोमीटर. धामणगाव गढीपर्यंत पाय बरे चालतात, खरा घाट तिथून पुढे. पुतण्या गिअर बदलत निघून गेला. माझ्या सायकलला पुढे 48 दाते, मागे 18. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ पावणेतीन फेरे घेणार. सपाटीला ते छान, घाटात मांडीत गोळे. निम्मा घाट मी सायकल हाताने ढकलत चढलो आणि त्याची मला जरासुद्धा खंत नाही. चालताना सागाचं एकेक वाळलेलं पान पडल्याचा आवाज येतो, तो सायकलवरून येत नाही. मोथ्याला गवळ्यांच्या दुकानात रबडी खाल्ली. पाच तास लागले एकूण.

तिसरा दिवस मुक्काम. गाविलगड पाहिला. 15 डिसेंबर 1803 ला हा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि बरोबर पंधरा दिवसांनी, 30 डिसेंबरला, शिंद्यांचा तह झाला तो सुर्जी-अंजनगावला. आम्ही ज्या गावात चहा पिऊन आलो, त्याच गावात. शाळेत हे दोन वेगळे सनावळीचे प्रश्न होते. दोन्ही गावं पायाखालून गेली तेव्हा ती एकच गोष्ट झाली.

चौथ्या दिवशी उतरताना मात्र मोठी चूक केली. चढ अवघड म्हणून त्याचीच काळजी केली, उताराची केलीच नाही. सुरुवातीपासून ब्रेक थोडा थोडा दाबून धरला होता. तीन-चार वळणांनंतर रबर जळाल्याचा वास आला, मला वाटलं एखाद्या ट्रकचा असेल. मग पुढचा ब्रेक हाताला मऊ लागायला लागला, दाबला तरी धरेना. पुढच्याच वळणावर मागची ट्यूब फाडकन फुटली आणि मी रस्त्याच्या कडेच्या मुरमात घसरलो. कोपर आणि गुडघा सोलला, एवढ्यावर निभावलं. रिमला बोट लावलं तर चटका बसला. दरी डाव्या हाताला होती, मी उजवीकडे पडलो. पुतण्या खूप वेळ काही बोललाच नाही.

तिथून टेम्पोने परतवाडा, ट्यूब बदलली आणि संध्याकाळी बहिरम. यात्रा नुकतीच सुरू झाली होती. चुलीवर मटणाच्या हंड्या, शेजारी भाकरी थापणाऱ्या बाया. त्या थंडीत त्या रश्श्यासारखं औषध नाही.

पाचव्या दिवशी चांदूर बाजारवरून मोर्शी. आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. चिखलदऱ्यावर पडलेला पाऊस उत्तरेला गेला तर सिपनेतून तापीला, दक्षिणेला उतरला तर चंद्रभागेतून पूर्णेला आणि पूर्णाही शेवटी तापीलाच. म्हणजे सुरतेला, अरबी समुद्रात. आमच्या वावरातलं पाणीही तिकडेच जातं. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पूर्णा ओलांडली आणि दिवस कलताना मोर्शीत होतो. मोर्शीचं पाणी वर्धेला, वर्धेचं प्राणहितेला, तिथून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. त्या दिवशी आम्ही कुठंतरी एका समुद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलो आणि ती जागा मला कळलीच नाही! ना डोंगर, ना टेकडी. तुरी, कापूस, संत्रा, पुन्हा तुरी. ही जागा नेमकी कुठे आहे, कुणी सांगेल का?

सहावा दिवस सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर. आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाला एवढं पाणी एका जागी पाहून बोलवत नाही. लाटा भिंतीला लागत होत्या. सातव्या दिवशी वरुड आणि संत्राबागा. त्याबद्दल बागाइतदार मंडळींनीच लिहावं, मी पाहुणा.

फ्रीव्हील_बावीस | 2 जानेवारी, रात्री 10:35

भाऊ, तुमी वाचले हेच लय झालं. माहं सायकलचं दुकान हाय, बापापासून. रॉडब्रेकची सायकल चिखलदऱ्यावरून उतरवणाऱ्याले मी दोन गोष्टी सांगतोच सांगतो.

ब्रेक धरून ठेवाचा नाई. दाबाचा, सोडाचा, दाबाचा, सोडाचा. पुढचा-मागचा आलटून पालटून. सोडला की रिमले हवा लागते. दर दोन किलोमीटरले थांबून रिम हातानं पाहाची. हात टिकत नसन तर दहा मिनिटं बसा, पानी प्या. गरम रिमवर पानी टाकू नोका. ब्रेकचे रबरी गुटके निघाच्या आधी नवे टाका, जुने कडक होऊन काचेसारखे झाले असतात, धरत नाईत.

दुसरी गोष्ट दात्याची. 18 काढून 22 दात्याचं फ्रीव्हील टाका. 48 ले 22 म्हंजे सव्वादोनच्या आत येते. सपाटीले पाय जास्त फिरन, पन घाटात निम्म्याच्या वर बसून जासान. चेनले एक जोड वाढवा लागते. खर्च फार नाई. आणि वाल्व्हची रबरी नळी वीतभर खिशात ठेवजा. उन्हानं ते चिरते आणि मानूस पंक्चर शोधत बसते.

मेळघाटची_लेक | 3 जानेवारी, सकाळी 7:20

दादा, वाचून अंगावर काटा आला. कोपराची जखम नीट धुतली ना? मुरमाची घाण आत राहते.

मी परतवाड्याची, आता अमरावतीला नर्स आहे. आम्ही तिघी मैत्रिणी मागच्या फेब्रुवारीत परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला आणि पुढे हरिसालला गेलो होतो. तिथला अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. मेळघाट 1973-74 मध्ये पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. त्यामुळे डांबरी मुख्य रस्ता सोडून आतल्या जंगलवाटेला सायकल वळवायची नाही. आम्ही प्रत्येक वनखात्याच्या नाक्यावर थांबून, कुठून कुठे जातोय ते सांगून पुढे गेलो. एका नाक्यावरच्या वनरक्षक दादांनी साडेतीनलाच थांबवलं आणि पिकअपमध्ये सायकली टाकून पुढच्या गावी सोडायला लावलं. तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उकरलेलं वारूळ आणि अस्वलाची ताजी विष्ठा पाहिली आणि राग गेला. अस्वलाला सायकलचा आवाज येत नाही, आणि ते दचकलं की अंगावर येतं. वळणावर घंटी वाजवत जा, आपसात मोठ्याने बोलत जा.

बायकांच्या सोयीचं विचाराल तर अडचण प्रसाधनगृहाचीच. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचो. कोरकू बायांनी दोनदा घरात बोलावलं, एकदा नुसत्या खुणांनीच बोलणं झालं. मुक्कामासाठी मुक्तागिरीही लक्षात ठेवा. परतवाड्याहून जवळ, हद्दीपलीकडे बैतूल जिल्ह्यात. डोंगरात 52 जैन मंदिरं आणि धबधबा, धर्मशाळा स्वच्छ. तिथले नियम मात्र पाळायचे, हंडी बहिरमलाच.

निवृत्त_भूगोल | 3 जानेवारी, दुपारी 1:05

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. छत्तीस वर्षं जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचं पाणी वेगळं करणारी रेषा, शिकवला, पण "ती जागा दाखवा" म्हणणारा विद्यार्थी क्वचित भेटला.

दख्खनच्या पठारावर, विशेषतः आपल्या बेसाल्टच्या सपाटीवर, जलविभाजक म्हणजे कडा किंवा कणा असेलच असं नाही. चांदूर बाजार आणि मोर्शीच्या मधला उंचवटा इतका सावकाश चढतो आणि उतरतो की डोळ्याला तो सपाटच दिसतो. गंमत अशी की वर उत्तरेला, बैतूल जिल्ह्यात मुलताईला, तापी उगम पावते आणि वर्धाही त्याच परिसरातून निघते. एक पश्चिमेला, एक दक्षिण-पूर्वेला. तिथून ही अदृश्य रेषा खाली तुमच्या रस्त्यापर्यंत येते.

शोधायची असेल तर चढ-उतार पाहू नका, मोऱ्या पाहा. रस्त्याखालची प्रत्येक मोरी कुठल्या बाजूला वाहते ते पावसाळ्यात कळतं. एका मोरीवर विसंबू नका, कारण ओढा रस्ता ओलांडून पुन्हा वळू शकतो. थोडं अंतर ओढ्याबरोबर चालून बघावं लागेल.

संत्राबाग_वरुड | 3 जानेवारी, रात्री 8:50

पाहुणे म्हणून आलात, बरं केलं. तुम्ही आलात त्या दिवसांत आमच्याकडे दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. आंबियाची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहराची, तोडणी आटोपत आलेली असते आणि पुढच्या आंबियासाठी झाडांना ताण दिलेला असतो. म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, कडा आत वळतात. नवख्या माणसाला वाटतं बाग वाळली. तसं नाही, झाडाला तहान लावल्याशिवाय ते फुलत नाही. जानेवारीत पाणी सोडलं की फूट येते आणि बहराचा वास गावभर जातो. सायकलवाल्यांनी खरं तर तेव्हा यावं. त्या वासातून पाच किलोमीटर चालवून बघा, मी शब्दात सांगू शकत नाही.

ज्यांची मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी, बाग आहे त्यांच्या झाडावर तेव्हा फळ असतं, फेब्रुवारी-मार्चला तुटतं. विनंती एवढीच की रस्त्याकडेच्या झाडाचं फळ विचारल्याशिवाय तोडू नका. विचारलंत तर नाही म्हणणारा बागवाला भेटणार नाही, उलट पिशवी भरून देईल. आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना पायाची माती झटका. डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची, बुरशी मातीतूनच जाते.

तुम्ही धरणाचं पाणी पाहून भारावलात, ते मी समजू शकतो. पण वरुड-मोर्शी हे भूजलाच्या हिशोबात अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, तालुके आहेत. माझ्या आजोबांच्या विहिरीला मोट होती, हात घालून पाणी लागायचं असं म्हणत. आता बोर शेकडो फूट खाली गेलेत आणि त्यातले कित्येक कोरडे निघतात. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून कलमं विकत घ्यायला लोक दूरदुरून येतात, जंभेरीवर डोळा भरलेली आपली नागपुरी संत्री. तिला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं, पाणी कुठून आणायचं? पुढच्या वेळी याल तर धरणाआधी माझी कोरडी विहीर दाखवतो. घरचं जेवण नक्की.

गोदाकाठी_वऱ्हाडी | 4 जानेवारी, सकाळी 6:40

मूळ गाव अंजनगाव, नोकरीमुळे दहा वर्षं नाशकात. इकडे आम्ही दर वर्षी दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून निघून त्र्यंबक, जव्हार करत डहाणूला समुद्रावर उतरतो. डोंगर, द्राक्षं आणि किनारा तीन दिवसांत. फार सुंदर रस्ता आहे. जव्हारच्या पुढे चिंचा-मोहाची झाडं आणि वारली घरं, शेवटी घोलवडच्या चिकूच्या वाड्या, आणि मग एकाएकी खारा वारा तोंडावर येतो.

पण तुमचं वाचून गावचे पानमळे आठवले. माझे मामा पानवाले. त्यांच्या मळ्यात लहानपणी चपला काढून जायचो, कारण वेल म्हणजे नागवेल, घरातल्या देवासारखी. द्राक्षाच्या मांडवाखाली फिरताना इतक्या वर्षांत हे का आठवलं नाही, कोण जाणे. द्राक्षबागेतही उजेड तसाच हिरवा पडतो.

एक माहिती: इकडच्या बागांत फवारणी फार असते. आम्ही ट्रॅक्टरचा फवारा दिसला की वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबतो. संत्र्याच्या पट्ट्यातही हे पाळा.

खारपाणपट्टा | 4 जानेवारी, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. मेळघाटच्या ताई, जखम धुतली होती, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं, आता खपली धरली आहे. फ्रीव्हीलवाले भाऊ, 22 दात्याचं एक बाजूला काढून ठेवा, संक्रांतीनंतर सायकल घेऊन येतो. वाल्व्हच्या नळीचं तुम्ही सांगितलं आणि लक्षात आलं, मोर्शीला सकाळी हवा गेलेली होती ती त्यानेच. आम्ही बादलीत ट्यूब बुडवून अर्धा तास भोक शोधत होतो.

बागवाले दादा, तुमच्या विहिरीचं वाचलं आणि दोनदा वाचलं. आमच्याकडे पाणी आहे पण पिता येत नाही, तुमच्याकडे पिण्याजोगं आहे ते खाली चाललंय. नक्की येतो, बहराच्या वेळी.

गोदाकाठचे भाऊ, मी समुद्र अजून पाहिलेला नाही. चव्वेचाळीस वर्षं वय. धरणावर त्या लाटा पाहून पुतण्याला हेच म्हणालो होतो. डहाणूची वाट सविस्तर लिहा, मुक्कामांसकट.

भूगोलाचे सर, मोऱ्यांचं लक्षात ठेवतो. पण पावसाळ्यात आमची काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरत नाही. त्या दिवसांत एवढ्या लांब सायकल नेणं मला जमणार नाही. मोर्शीकडचं कुणी आहे का इथं?

दमयंतीकाठ | 5 जानेवारी, दुपारी 12:15

मी मोर्शीचा. रोज त्याच रस्त्याने मोटरसायकलवर चांदूर बाजारला ड्युटीला जातो आणि हा विचार एकदाही मनात आला नाही. पावसाळ्यात बघून सांगतो. शब्द देतो.

दमयंतीकाठ | 11 जुलै, संध्याकाळी 7:45

धागा वर काढतो आहे. काल रात्रभर पाऊस होता आणि आज सुटी. सायकल उसनी घेतली आणि चांदूर बाजारच्या दिशेने निघालो. डांबरी रस्ता होता, त्यामुळे मातीचा त्रास कमी. प्रत्येक मोरीवर उतरलो. वाळलेली काडी टाकायची आणि कुठे जाते ते बघायचं. सुरुवातीच्या सगळ्या आपल्या, वर्धेकडच्या. मग एका ठिकाणी काडी उलटी गेली. सरांनी सांगितलं होतं म्हणून नाल्याच्या काठाने जवळजवळ अर्धा तास चाललो. नाला वळला नाही, पश्चिमेलाच गेला. परत येऊन आधीच्या मोरीचा नालाही तसाच चालून पाहिला. तो पूर्वेला.

दोन मोऱ्यांच्या मधे एक वावर आहे. सोयाबीन चार पानांवर, मधे मधे तुरीची ओळ. धुऱ्यावर एक बाभूळ. वावराचे मालक दंड फोडून साचलेलं पाणी काढत होते. मी त्यांना विचारलं, काका, तुमच्या वावरातलं पाणी कुठे जातं? ते म्हणाले, "अर्धं इकडं, अर्धं तिकडं. माह्या बापानं तसाच उतार ठेवला, नाई तं पीक सडते."

खारपाणपट्टा दादा, फोटो काढून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये याल तेव्हा बाभळीखाली भेटू, मी घरून डबा आणतो.